दाराकडे बघणारा फोटो

प्रदर्शनात माझ्या चित्रांसमोर उभं राहून लोक हमखास एक प्रश्न विचारतात. तुम्ही माणसं का काढत नाही? विचारणारे भले असतात, हातात चहाचा कागदी कप असतो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेते. रंग, पोत, अवकाश असले दोन-चार शब्द टाकले की माणसं मान हलवून पुढच्या चित्राकडे जातात. खरं उत्तर द्यायचं तर त्यांना खाली बसवून लालबागच्या आमच्या चाळीपासून सुरुवात करावी लागेल. मग त्यात तात्या येणार, परबकाकी येणार, काळ्या वाटाण्याचं सांबारं येणार. एवढा वेळ कुणाला आहे? इथे मला कोणी घाई करत नाही, म्हणून सांगते.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला स्टोव्ह आणि मोरी. मधे दोन लांब भिंती. एकीवर देव आणि आजोबांचा फोटो, समोरचीवर कपड्यांची दांडी. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, आणि साच्यांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे घरात आई, मी, धाकटा भाऊ, आम्ही सगळे वरच्या पट्टीत बोलायचो. मीठ मागायचं तरी भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटावं. खालच्या गल्लीत मसाला कुटायचे डंख दिवसभर धाडधाड चालत, आणि मिरची निघाली की अख्खी चाळ एकदम शिंकायची. बाबा पाळी संपवून आले की त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं पांढरं बोंडूर असायचं. आई त्यांना दारातच थांबवून पंच्याने झटकायची आणि मग आत घ्यायची. ते मोरीत हातपाय धुवायचे, जाड काळ्या चौकटीचा चष्मा पुसून परत लावायचे आणि स्टोव्हकडे तोंड करून बसायचे. आई तव्यावर बांगडे उलटत असायची आणि बाबा ते बघत असायचे. दोघांत बोलणं फारसं नसायचं. मला तेव्हा वाटायचं की त्यांना भूक लागलेली असते.

तात्या आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. मूळचे गिरगावातले. तिथे भावाचा स्टुडिओ होता, भावाशी पटलं नाही, म्हणून कॅमेरा आणि दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आले. त्यांना दुकान नव्हतं. बोलावलं की जायचं, ही त्यांची धंद्याची रीत. बारसं, साखरपुडा, गिरणीतली दसऱ्याची पूजा, सगळीकडे तात्या. पुढे मी स्वतः फोटोग्राफी करायला लागले तेव्हा लोक मला फ्रीलान्सर म्हणायचे. मला त्या शब्दाचं हसू यायचं, कारण तो धंदा मी आधीच एका बनियन घातलेल्या माणसाला करताना पाहिला होता.

मोरीवर काळे पडदे सोडून तात्यांनी डार्करूम केली होती. लाल कागद गुंडाळलेला बल्ब, तीन थाळ्या, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या भात्यापासून घरीच बनवलेला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर. भर दुपारी आत शिरलं तरी बाहेरचं जग नाहीसं व्हायचं, फक्त डंखांचा धाडधाड आवाज तेवढा पायांतून वर चढायचा. गुढीपाडव्याला मी गॅलरीत काढलेली रांगोळी त्यांनी बघितली. ठिपके अगदी बारीक आणि सारखे पडले होते. ते आईला म्हणाले, वहिनी, हिचा हात मला द्या, माझा आता थरथरतो. मॅट्रिकचा निकाल लागायचा होता, मी रिकामीच होते. आई म्हणाली, बसून राहण्यापेक्षा बरं.

काम होतं डोळे उघडायचं. आमच्याकडे हा शब्दच रूढ झाला होता. चाळीतली पुष्कळ माणसं अख्खा जन्म फोटोवाचून काढत. मेली की घरच्यांच्या लक्षात यायचं, की भिंतीवर लावायला काहीच नाही. मग तात्यांना बोलावणं. मेलेल्या माणसाचा चेहरा, नाकात कापूस घालायच्या आधी, उजेडाकडे वळवून ते एक फोटो काढून आणत. मोठा करून माझ्यासमोर ठेवत, आणि मी तीन शून्याच्या, केसाएवढ्या बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवायची. आधी पांढरं, मग बुबुळ, मग सगळ्यात शेवटी त्यातला चमकीचा ठिपका. तो ठिपका पडला की समोरचा माणूस बघायला लागायचा. पहिल्या वेळी मी ब्रश टाकून गॅलरीत पळाले होते. मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

तात्यांचा एक नियम होता. घरचं कोणीतरी येऊन बसल्याशिवाय आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. डोळ्यांचा रंग ते विचारत नसत, आकारही नाही. ते विचारत, माणूस बघायचा कुठे? लोक आधी गोंधळायचे. मग एखादी सून सांगायची की सासूबाई माझ्या हाताकडे बघायच्या, मीठ किती टाकते ते. एखादा मुलगा म्हणायचा, आमचे आबा जमिनीकडे बघून बोलायचे. "बुबुळ कुठं बसवायचं ते आपल्या मनानं ठरवायचं नाही, शैला," तात्या म्हणायचे. "माणूस जिकडे बघतो तिकडेच तो असतो. बाकी तोंड काय, इकडचं तिकडे झालं तरी चालतं."

इकडचं तिकडे झालं तरी चालतं. ह्या वाक्याची पुढे त्यांना आठवण करून देण्याची माझी हिंमत झाली नाही.

परबकाकी नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत आल्या, सोबत त्यांची मुलगी बेबी, माझ्याच वयाची. काकींचे मिस्टर, कृष्णा परब, बारा वर्षांपूर्वी कामावर म्हणून निघाले ते परत आलेच नव्हते. भांडण नाही, चिठ्ठी नाही. कोणी म्हणे रे रोडला लाकडाच्या वखारीत दिसले, कोणी म्हणे जहाजावर गेले. काकींनी बारा वर्षं कुंकू लावून खानावळीचे डबे केले. आता बेबीसाठी स्थळं येत होती, आणि प्रत्येक स्थळ विचारायचं, वडील काय करतात? आहेत म्हणावं तर दाखवायला माणूस नाही, नाहीत म्हणावं तर कपाळावर कुंकू. गावाहून दीर आले. ते म्हणाले, बारा वर्षं झाली, शास्त्राप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि तेरावं घालायचं, म्हणजे सगळं मोकळं होईल. भटजी ठरले, दिवस ठरला. फक्त फोटो नव्हता. एक होता, गिरणीतल्या दसऱ्याच्या पूजेचा, सगळ्या खात्याचा मिळून. तो काकींनी तिसऱ्या वर्षी रागाच्या भरात चुलीत घातला होता.

तो ग्रुपफोटो तात्यांनीच काढलेला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांतून त्यांनी ती निगेटिव्ह हुडकून काढली, चांगली पोस्टकार्डाएवढी. चाळीसेक माणसं, प्रत्येकाचं तोंड मसुरीच्या दाण्याएवढं. काकींना जागा पाठ होती. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. तात्यांनी मला हसत सांगितलं, तुझा बापही असेल ह्यात कुठेतरी, त्याच खात्यात होता. मी म्हटलं, असू दे. मला कुठे बाबांचा फोटो मोठा करायचा होता?

मग तात्यांनी काकींना नेहमीचा प्रश्न विचारला. काकींनी विचार करायला क्षणभरही घेतला नाही.

"दाराकडे," त्या म्हणाल्या. "जेवताना सुद्धा. घास तोंडात आणि डोळे दाराकडे."

फोटो कुठल्या भिंतीवर लागणार तेही तात्यांनी विचारून घेतलं. दार फोटोतल्या परबांच्या उजव्या हाताला येणार होतं. म्हणजे बुबुळं उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी तात्या भायखळ्याला साखरपुड्याला गेले आणि मी एकटीने ती निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली. तोंडं मोठी यायला हवीत म्हणून भाता इतका वर नेला की खाली फक्त मागची रांग मावली. पुढच्या माणसांच्या पायाशी खात्याच्या नावाची पाटी होती, ती चौकटीबाहेर गेली. मी डावीकडून तिसरा मोजला. चेहरा तरणा होता, मिशी होती, एका भुवईवर तिरकी रेघ होती. ती मला निगेटिव्हवरची चीर वाटली. बुजवायला गेले, पण नीट बुजली नाही, म्हणून राहू दिली. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे डाग. त्या डागांवर मी दोन दिवस काम केलं. सांगायला लाज वाटते, पण आजवर केलेल्या कामात मला ते सगळ्यात जमलेलं वाटलं होतं. चमकीचा ठिपका पडला आणि तो माणूस असा बघायला लागला, की आत्ता उठून चपला घालील.

काकी फोटो न्यायला आल्या. त्यांनी भुवईवरून अंगठा फिरवला. हे काय? चीर आहे काकी, निगेटिव्हवरची. त्यांनी मान हलवली. "नाकाचां माका आता काय सांगूक येवचा नाय," त्या म्हणाल्या. "बारा वर्सां झाली. पण डोळे त्येंचेच." फोटो पदरात गुंडाळून, उराशी धरून त्या चालत नायगावला गेल्या.

तेराव्याला आम्हाला बोलावणं होतं. फोटोचं काम माझं, म्हणून मला, आणि मुलीला एकटी कशी पाठवायची म्हणून आईला. बीडीडीच्या त्या मधल्या बोळातून आम्ही आत गेलो तर खोलीत पंधरा-वीस माणसं, उदबत्तीचा धूर आणि वड्यांचा वास. फोटो बाजूच्या भिंतीवर होता. झेंडूचा हार, काचेवर गंध. काकींचं कपाळ रिकामं होतं. बेबी सगळ्यांना पाणी देत होती आणि येता-जाता त्या फोटोकडे बघत होती. तिला बाप आठवतच नव्हता, तिला तो त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला होता. मला अभिमान वाटला. मी आईला कोपराने ढोसून म्हटलं, बघ, मी केलाय.

आईने बघितलं. मग ती पानावर बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. आई सगळं जेवली. पान स्वच्छ केलं. एकदाही मान वर केली नाही. काकींनी आग्रहाने आणखी एक वडा वाढला तर तोही खाल्ला. येताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या घरात कोणी बोलत नाही म्हणजे काहीतरी मोठं घडलेलं असतं. परळच्या पुलापर्यंत तिची पावलं इतकी जोरात पडत होती की मला जवळजवळ धावावं लागत होतं.

घरी बाबा दुपारपाळीला जायच्या तयारीत होते. आईने त्यांना खाली बसवलं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन तीनदा ओवाळल्या आणि स्टोव्हवर तवा तापवून त्यावर टाकल्या. बाबा म्हणाले, आज काय अमावस्या? ती म्हणाली, गप बसा. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, आणि ते बघून तिचा चेहरा आणखी उतरला. बाबा गेल्यावर तिने दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली. पहिल्यांदाच मी तिला हळू बोलताना ऐकलं.

"थय भिंतीवर लावलेलो फोटो कोणाचो, ता तुका म्हायत आसा?"

मी म्हटलं, परबांचा.

"तो तुझो बापूस," आई म्हणाली. "आमच्या लग्नाच्या येळचो. भोवयेवर धोटो लागलेली ती खूण. उलट्या बाजूक दिसता, पण तीच. डोळे खयचे हाडलस ता देवाक म्हायत."

साच्यावरून लाकडी धोटा उडून भुवईला लागलेली ती खूण बाबांच्या चष्म्याच्या चौकटीखाली लपलेली असायची. मी ती लहानपणी बोटाने चाचपलेली होती. आणि ती मी बुजवायला निघाले होते.

मी तशीच तात्यांकडे गेले. त्यांनी निगेटिव्ह काढून बल्बसमोर धरली, मग उलटी केली, मग माझ्याकडे बघितलं. पाटीवरची अक्षरं आता सरळ वाचता येत होती. मी निगेटिव्ह पालथी घातली होती, त्यामुळे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलं होतं. रांगेत उजवीकडून तिसरे माझे बाबा उभे होते. तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, की आता खरा तिसरा बघून घे.

तो मोठा केला. डेव्हलपरच्या थाळीत कागद हलवत मी वाट बघत राहिले. शेजारच्या माणसांचे खांदे आले, टोप्या आल्या, एकाचं हसू आलं. मधल्या जागी करड्या रंगाचा एक फराटा आला. तेवढाच. गळ्यापर्यंत सदरा होता, बटणं होती, आणि वर चेहऱ्याच्या जागी उजवीकडे ओढत गेलेला धूर. फोटो काढताना तो माणूस हलला होता. चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती आणि एकाने मान वळवली होती. मी थाळीत बघत राहिले. तात्यांनी दोनदा हाक मारली तेव्हा लक्षात आलं की कागद काढायचा राहिलाय. काळा पडत चालला होता, तसाच हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यात टाकला.

त्या आठवड्यात बाबांना ताप आला. गिरणीतला कापूस छातीत बसलेला, खोकला तर त्यांना नेहमीचाच होता. पण कामावर न जाता ते दोन दिवस पडून राहिले, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आई त्यांच्या उशाशी बसून राहायची आणि मी समोर आले की फक्त बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गॅलरीत बोलावलं. "तो हार आज उतरूक व्हयो," ती म्हणाली. "त्या बायेक काय सांगशीत ता तुझां तू बघ." मी म्हटलं, रविवारी बेबीला बघायला येणार आहेत, फोटो नसला तर लोक काय म्हणतील? आई म्हणाली, "आणि तुझो बापूस नसलो तर?"

मी तो फराटा पाकिटात घालून नायगावला गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. वाचणाऱ्याला हे सगळं पोरखेळ वाटेल. फोटोला हार घातल्याने माणूस मरत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि आजही मी कुणाला असलं काही मानायला सांगणार नाही. पण ज्या माणसाने स्वतःच्या हाताने जिवंत बापाला मेलेल्याचे डोळे लावले आहेत, त्याच्याशी ह्या विषयावर वाद घालू नये.

काकी डबे भरत होत्या, बेबी पोळ्या लाटत होती. वर भिंतीवर बाबा दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होते. हार वाळला होता, पण काढला नव्हता. मी पाकीट काकींच्या हातात दिलं आणि सांगितलं की माझं चुकलं, खरे परब हे आहेत. मला वाटलं होतं त्या म्हणतील, हे काय, ह्यात काही दिसत नाही. त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि मटकन खाली बसल्या. नाकाबद्दल शंका नव्हती, कशाचीच नव्हती.

"ह्ये," त्या म्हणाल्या. "अशेच होते. येका जागेर उभे रवलेच नाय कधी."

मग त्यांनी वर भिंतीकडे बघितलं. तो कोण? मी सांगितलं. माझे वडील आहेत, लालबागला असतात, आज तिसरा दिवस ताप आहे. स्टोव्हवर पोळी करपायला लागली.

"तुझी आवस त्या दिवशी हयसर जेवली," काकी सावकाश म्हणाल्या. "तिणां वळाखल्यान?"

मी होय म्हणून मान हलवली.

काकी उठल्या. हात धुतले. स्टूल घेऊन वर चढल्या आणि हार काढला, काचेवरचं गंध पदराने पुसलं, दोनदा पुसलं. "माझां कुंकू मी माझ्या हातान पुसलंय," फोटोशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या बायलेचां नाय पुसूचंय." बेबीने लाटणं खाली ठेवलं. ती रडकुंडीला आली होती. तिने परीक्षेच्या निकालापासून सगळं त्या फोटोला सांगायला सुरुवात केली होती, हे मला मागाहून कळलं. आई, मग माझे बाबा कोणते? तिने विचारलं. काकींनी तो करडा कागद तिच्या हातात दिला. ती म्हणाली, ह्याला तोंडच नाही. काकी म्हणाल्या, माका जेवढे गावले तेवढे हेच.

रविवारी माणसं बघायला आली. भिंतीवर तोच फराटा होता, त्याच चौकटीत, नवा हार घालून. मुलाच्या आजीने विचारलंच, हे कोण? फोटो काढताना हलले, असं काकींनी सांगितलं. आजी म्हणाली, पुरुषमाणसं हलतातच, आणि चहाची बशी तोंडाला लावली. बेबीचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आता नातवंडं आहेत. बीडीडीच्या जागी उंच इमारती होताहेत. तिला वरच्या मजल्यावर घर मिळालंय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तो फोटो पार पिवळा पडलाय, निगेटिव्ह असेल तर नवी कॉपी काढून देशील का? माझ्याकडे निगेटिव्ह आहे. ती मी पालथी घालणार नाही एवढं तिला सांगितलं, आणि आम्ही दोघी फोनवर बराच वेळ हसलो.

बाबांचा ताप चौथ्या दिवशी उतरला. काकींनी चौकटीतून काढून दिलेला तो फोटो मी घरी आणला आणि आईने सगळी हकिगत त्यांना सांगितली, अर्थात वरच्या पट्टीत, त्यामुळे मजल्यावर सगळ्यांनाच कळली. बाबांनी चष्मा लावून फोटो जवळ धरला, लांब धरला. परब त्यांना चांगला आठवत होता. शेजारच्याच साच्यावर. भोंगा व्हायच्या आधी त्याचे हात धुतलेले असायचे. मग ते आईला म्हणाले, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तुला आता मी बरीच वर्षं पुरणार. आई हसली नाही. त्यांनी तिला विचारलं, "वडे बरे होते मां?" तेव्हा मात्र ती पदर तोंडाला लावून मोरीकडे गेली. हसत होती की रडत होती ते पाठमोरं कळलं नाही. तो फोटो तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

मी पुन्हा कुणाचे डोळे उघडले नाहीत. तात्यांनी विचारलंही नाही. त्यांनी मला आपला जुना कॅमेरा दिला आणि म्हणाले, जिवंत माणसांचे काढ, त्यांचे डोळे आपोआप उघडे असतात. पुढची पंचवीस वर्षं मी त्यावर पोट भरलं. बोलावलं की गेले. कारखाने, लग्नं, मासिकांची कामं, जाहिराती. रे रोडच्या वखारींवर एकदा कामासाठी गेले होते, तिथल्या म्हाताऱ्या हमालांना विचारलं, कृष्णा परब नावाचं कोणी होतं का? एक जण मान वळवून निघून गेला. त्याला ऐकू आलं नसेल. पण त्याचं तोंड मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तरी मला काय कळलं असतं? ज्याचा चेहरा माहीत नाही तो कुठेही असू शकतो. गर्दीत कोणी हललेलं आलं की ते फोटो मी फेकत नसे. त्यांचे गठ्ठे साठले, आणि चाळिशीनंतर मी त्यावरून रंगवायला लागले. करडा, उजवीकडे ओढलेला. सगळी चित्रं त्याच एका मापाची, कारण तात्यांच्या थाळीत तेवढाच कागद मावायचा. लोकांना त्यात समुद्र दिसतो, धुकं दिसतं. एका बाईंना त्यात एकदा देव दिसला. मी कुणालाच नाही म्हणत नाही.

बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. गिरणी गेली, भोंगा गेला, त्यांच्या भुवयांतला कापूस गेला, खोकला मात्र राहिला. ह्या सव्वीस वर्षांत ते जितक्यांदा आजारी पडले तितक्यांदा मला नायगावची ती भिंत दिसली. इस्पितळाच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात तो हार उतरवायची, गंध पुसायची, दोनदा पुसायची. कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

ते गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, फोटो लागेल. फोटोग्राफरच्या बापाचा चांगला फोटो घरात नव्हता. माझ्यासमोर ते उभे राहिले की मीच कॅमेरा खाली घ्यायची. आईने ट्रंक उघडली, तळातून लुगडं काढलं, आणि तो फोटो माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, आई, हा नको. हे डोळे त्यांचे नाहीत. ती म्हणाली, खूण त्यांची आहे.

भावाने तो देवांच्या भिंतीवर, आजोबांच्या शेजारी लावला. आई खाली बसून बराच वेळ बघत राहिली. त्या भिंतीवरून दार बाबांच्या उजव्या हाताला येत होतं. तरणे, मिशीवाले, खोलीभर माणसं असताना कुणाकडेही न बघता ते दाराकडे बघत होते, आत्ता उठून चपला घालतील असे. मला तिथे बसवेना. माझ्या हातचं ते सगळ्यात जमलेलं काम होतं.

"काढ थयसून," आई म्हणाली. भावाला वाटलं तिला बघवत नाही. तिने समोरच्या भिंतीकडे, कपड्यांच्या दांडीकडे हात केला. "ती दांडी काढ, आणि हय लाव."

भावाने दांडी काढली, खिळा ठोकला, फोटो त्या भिंतीवर लावला. समोरासमोरची भिंत, त्यामुळे उजवं-डावं फिरलं. दार आता त्यांच्या डाव्या हाताला गेलं. उजवीकडे मोरी होती, आणि स्टोव्ह.

आई उठली, स्टोव्हपाशी जाऊन बसली आणि तिथून वर बघितलं. मग पदर सारखा करून मला म्हणाली, आता हार घाल.

मी घातला.